उपचार मोफत, पण वाटेचे काय?
(माजी सैनिकांच्या प्रवासखर्चाच्या भरपाईविषयी)

काही प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतात. सैनिकांच्या शौर्याबद्दल पुष्कळ लिहिले जाते, त्यांच्या पेन्शनबद्दलही वर्तमानपत्रांतून चर्चा होते; परंतु सेवानिवृत्त झालेला, वयाने थकलेला किंवा जखमेने अधू झालेला सैनिक दवाखान्यापर्यंत पोचतो कसा, आणि त्या वाटेचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. उपचार मोफत आहेत ना, मग झाले, असे आपण म्हणतो. वस्तुतः जो दवाखाना शंभर मैलांवर आहे तेथील मोफत उपचार हे संपूर्ण मोफत नसतात. प्रवासाचे भाडे, बुडालेला रोजगार, सोबत येणाऱ्या माणसाचा खर्च, हे सारे त्या 'मोफत' या शब्दाच्या मागे दडलेले असते.

या प्रश्नाला कायद्याने आणि बारीक आकडेमोडीने उत्तर देण्याचा प्रयत्न अमेरिकेत पुष्कळ वर्षांपासून चालू आहे. तेथील व्यवस्थेत गुण आहेत तसे दोषही आहेत, आणि दोन्हींपासून शिकण्यासारखे आहे. म्हणून प्रस्तुत लेखात ती व्यवस्था समजावून घेण्याचा प्रयत्न केला आहे.

अंतर निर्माण कसे झाले?

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी स्वतंत्र सरकारी खाते आहे. १९३० साली 'व्हेटरन्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' या नावाने ते स्थापन झाले आणि १९८९ साली त्याला मंत्रिमंडळातील खात्याचा दर्जा मिळाला. या खात्याची स्वतःची सुमारे १७० मोठी रुग्णालये आणि हजाराहून अधिक लहान दवाखाने आहेत. सुमारे नव्वद लाख माजी सैनिकांची नावे त्यांच्या आरोग्यसेवेत नोंदलेली आहेत. इतका मोठा पसारा असताना अंतराचा प्रश्न मुळात उद्भवावाच का?

याचे उत्तर इतिहासात आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर लक्षावधी जखमी सैनिक घरी परतले. त्या वेळी या खात्याचे प्रमुखपद जनरल ओमर ब्रॅडली यांच्याकडे होते. खात्याच्या रुग्णालयांत चांगले डॉक्टर मिळेनात, उपचारांचा दर्जाही खालावलेला. त्यावर १९४६ साली असा तोडगा काढण्यात आला, की ही रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडावीत, म्हणजे तेथील प्राध्यापक आणि शिकाऊ डॉक्टर सैनिकांवर उपचार करतील. निर्णय उत्तम होता आणि त्याने दर्जा खरोखरच सुधारला. परंतु वैद्यकीय महाविद्यालये असतात शहरांत. साहजिकच मोठी रुग्णालये शहरांच्या आश्रयाने वाढली.

सैनिक मात्र सगळेच शहरात राहत नाहीत. अमेरिकेतील माजी सैनिकांपैकी सुमारे पाव हिस्सा ग्रामीण भागात राहतो. माँटाना राज्याचे उदाहरण घ्या. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ८० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्रापेक्षा बरेच मोठे. आणि लोकसंख्या मात्र अकरा लाखांच्या आसपास! तेथील माजी सैनिकांचे मुख्य रुग्णालय हेलेना या राजधानीच्या शहरालगत फोर्ट हॅरिसन येथे, राज्याच्या पश्चिम भागात आहे. पूर्व सीमेजवळच्या एखाद्या गावातून तेथे यायचे तर चारशे मैलांच्या पुढे प्रवास होतो. मुंबईहून गोव्याला जाण्यापेक्षाही हे अंतर जास्त, आणि वाटेत हिवाळ्यात बर्फ. किरकोळ तपासण्यांसाठी जवळपास लहान दवाखाने १९९० नंतरच्या काळात झाले आहेत हे खरे. पण शस्त्रक्रिया किंवा तज्ज्ञ डॉक्टर म्हटले की मोठ्या रुग्णालयाची वाट धरावीच लागते.

भरपाई कोणाला मिळते?

प्रत्येक माजी सैनिकाला ही भरपाई मिळते असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. अमेरिकेच्या कायद्याने त्यासाठी काही वर्ग ठरवून दिले आहेत.

तेथे सैनिकी सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाची टक्केवारी ठरवली जाते. ज्याचे अपंगत्व ३० टक्के किंवा त्याहून अधिक आहे, त्याला कोणत्याही आजाराच्या उपचारासाठी केलेल्या प्रवासाचा खर्च मिळू शकतो. ज्याचे अपंगत्व यापेक्षा कमी आहे, त्याला फक्त त्या सेवाजन्य दुखण्याच्या उपचारासाठी केलेल्या प्रवासाचा खर्च मिळतो. समजा, तोफांच्या आवाजाने एखाद्याचे कान अधू झाले आणि त्याचे अपंगत्व १० टक्के ठरले. तो कानाच्या डॉक्टरकडे गेला तर भाडे मिळेल. मधुमेहासाठी गेला तर केवळ या आधारावर मिळणार नाही. याखेरीज ज्यांना खात्याची गरजूंसाठी असलेली पेन्शन मिळते, किंवा ज्यांचे उत्पन्न त्या पेन्शनच्या कमाल मर्यादेच्या आत आहे, तेही पात्र ठरतात. अपंगत्व ठरवण्यासाठी जी वैद्यकीय तपासणी होते, तिच्यासाठी जाणाऱ्यालाही खर्च मिळतो.

थोडक्यात, या योजनेला दोन पाये आहेत. एक, देशासाठी शरीराची झीज झाली म्हणून. आणि दुसरा, हाती पैसा नाही म्हणून. पहिला ऋण फेडण्याचा विचार आहे, तर दुसरा गरजेचा. दोन्ही विचार एकाच कायद्यात नांदतात, आणि पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणी या दोहोंच्या ओढाताणीतून निर्माण होतात असे मला वाटते.

हिशेब कसा होतो?

स्वतःच्या मोटारीने गेल्यास मैलामागे ४१.५ सेंट असा दर आहे. किलोमीटरमागे तो सुमारे २६ सेंट पडतो. अंतर मोजायचे ते घरापासून, आवश्यक ते उपचार मिळू शकतील अशा सर्वांत जवळच्या ठिकाणापर्यंत. जवळचे सोडून कोणी आपल्या पसंतीच्या लांबच्या रुग्णालयात गेला, तर जादा मैलांचे पैसे मिळत नाहीत. पूल किंवा रस्त्याचा टोल, वाहनतळाचे शुल्क, बस-आगगाडीचे तिकीट यांचे पैसे पावती दाखवल्यावर मिळतात. ज्याला बसताच येत नाही किंवा चाकाच्या खुर्चीशिवाय हलता येत नाही, त्याच्यासाठी रुग्णवाहिकेची वेगळी तरतूद आहे. मात्र तातडीचा प्रसंग नसेल तर तिची मंजुरी आधी घ्यावी लागते.

येथपर्यंत सारे सरळ आहे. पण यात एक मेख आहे. प्रत्येक फेरीमागे जाण्याचे ३ डॉलर आणि येण्याचे ३ डॉलर असे ६ डॉलर कापून घेतले जातात. ही वजावट महिन्यात १८ डॉलरपेक्षा अधिक होत नाही. अत्यल्प उत्पन्नाच्या लोकांना ती माफ होऊ शकते. बाकीच्यांच्या बाबतीत काय घडते ते आकड्यांत पाहू.

शंभर मैलांवरून येणारा सैनिक जाऊन-येऊन दोनशे मैल प्रवास करतो. त्याचे ८३ डॉलर होतात. ६ वजा जाता ७७ डॉलर हाती येतात. दहा मैलांवरून येणाऱ्याचे वीस मैलांचे ८ डॉलर ३० सेंट होतात; ६ वजा जाता हातात पडतात अवघे २ डॉलर ३० सेंट. आणि सात मैलांवरून येणाऱ्याचे चौदा मैलांचे ५ डॉलर ८१ सेंट होतात. म्हणजे त्याला काहीच मिळत नाही. २ डॉलरसाठी अर्ज भरायचा, तो तपासायला कारकून बसवायचा! आपल्याकडे याला 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' म्हणतात.

परंतु हीच वजावट मासिक मर्यादेमुळे दुसऱ्या एका रुग्णाच्या बाबतीत सुसह्य होते. मूत्रपिंड निकामी झालेल्याला रक्तशुद्धीसाठी आठवड्यातून तीनदा जावे लागते. दहा मैलांवरून महिन्यात बारा खेपा केल्या तर एकूण ९९ डॉलर ६० सेंट होतात. दर खेपेला ६ डॉलर कापले असते तर ७२ डॉलर गेले असते. मर्यादेमुळे १८ जातात आणि ८१ डॉलर ६० सेंट मिळतात. म्हणजे नियम करणाऱ्याने वारंवार येणाऱ्या गंभीर रुग्णाचा विचार केलेला आहे. क्वचित येणाऱ्या, जवळच्या माणसाचा भार मात्र त्याच्यावरच ठेवला आहे.

दराची कहाणी

या दराचा इतिहास अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावा असा आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जवळजवळ तीस वर्षे हा दर मैलाला ११ सेंट इतकाच होता. पेट्रोल महागले, मोटारी महागल्या, पण ११ सेंट जागचे हलले नाहीत. रक्कम तीच राहिली आणि तिची किंमत मात्र विरघळत गेली. कोणी योजना रद्द केली नाही, कोणी कपातीची घोषणा केली नाही. नुसते काही न करण्याने कपात झाली.

फेब्रुवारी २००८ मध्ये दर एकदम २८.५ सेंटवर नेण्यात आला. सर्वांना आनंद झाला. पण कायद्यात अशी तरतूद होती की दर वाढेल त्या प्रमाणात वजावटही वाढावी. त्यामुळे एका बाजूची वजावट ३ डॉलरवरून ७ डॉलर ७७ सेंटवर गेली, म्हणजे फेरीला १५ डॉलर ५४ सेंट. आता गणित करून पाहा. जुन्या दराने ६ डॉलरची वजावट भरून निघण्यास येऊन-जाऊन सुमारे साडेचोपन्न मैल लागत. नव्या दराने १५ डॉलर ५४ सेंट भरून निघण्यास किती मैल लागतात? तेवढेच, साडेचोपन्न! म्हणजे सत्तावीस मैलांच्या आत राहणाऱ्याला पूर्वीही काही मिळत नव्हते आणि एवढ्या मोठ्या वाढीनंतरही काही मिळाले नाही. एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे, असा हा प्रकार झाला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दर ४१.५ सेंट झाला आणि जानेवारी २००९ मध्ये वजावट पुन्हा ३ डॉलरवर आणण्यात आली. या दुसऱ्या निर्णयाची वर्तमानपत्री वाहवा कमी झाली असेल. पण जवळच्या अंतरावरच्या गरजू माणसाला खरा लाभ झाला तो त्याच्यामुळे. काही मिळण्यासाठी लागणारे किमान अंतर सत्तावीस मैलांवरून सुमारे सव्वासात मैलांवर आले. धोरण समजून घ्यायचे तर ठळक आकड्याबरोबर त्याच्या शेपटाला बांधलेली अटही वाचावी लागते, हा धडा यातून मिळतो.

आणि पुढे? ४१.५ सेंटचा तो दर २०२५ सालीही तोच होता. त्याच २०२५ मध्ये सरकारी कामासाठी स्वतःची मोटार वापरणाऱ्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला मैलाला ७० सेंट मिळत होते. मोटार तीच, रस्ता तोच, पेट्रोलही तेच. तरी बैठकीला जाणाऱ्या अधिकाऱ्याचा मैल ७० सेंटचा आणि रणांगणावर पाय गमावलेल्याचा मैल ४१.५ सेंटचा! पूर्वीची तीस वर्षांची गोष्ट पुन्हा घडू लागली आहे, असे यावरून दिसते.

अर्ज, मुदत आणि आधीचा पैसा

भरपाई या शब्दातच एक अट आहे. आधी खर्च करा, मग मागा. ज्याच्या खिशात आज पेट्रोलपुरते पैसे आहेत त्याला ही अट जाचत नाही. ज्याच्याजवळ ते नाहीत त्याच्या दृष्टीने महिन्याने मिळणारे पैसे म्हणजे वरातीमागून घोडे. योजना ज्याच्यासाठी आहे तोच नेमका तिच्या उंबरठ्यावर अडखळतो.

दुसरी अट मुदतीची. प्रवास झाल्यापासून ३० दिवसांच्या आत अर्ज केला पाहिजे. पूर्वी रुग्णालयातच खिडकीवर कागद देऊन पैसे घेण्याची सोय असे. २०२० पासून संगणकावरून अर्ज करण्याची नवी पद्धत सुरू झाली. कागदी अर्जही चालतो. तरुणाला संगणक सोयीचा वाटेल. परंतु व्हिएतनामच्या युद्धातून परतलेली पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे. दृष्टी मंदावलेल्या, बोटे थरथरणाऱ्या माणसाला परवलीचे शब्द आणि ओळखीचे पुरावे यांचा हा घाट चढणे सोपे नाही. घरात नातवंड असेल तर काम भागते. एकट्याने राहणारा पुष्कळदा नाद सोडून देतो.

इतर मार्ग

याला पर्याय म्हणून काही वेगळ्या वाटाही तेथे निघाल्या आहेत. १९८० च्या दशकात सरकारने या भरपाईत मोठी काटछाट केली, तेव्हा 'डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स' या अपंग माजी सैनिकांच्या संघटनेने १९८७ साली स्वतःच वाहनांची व्यवस्था उभी केली. स्वयंसेवक चालक गावोगावच्या माजी सैनिकांना गाडीत घेऊन रुग्णालयात पोचवतात आणि परत आणतात. यात पैशाची देवघेव नाही, अर्ज नाही, वजावटही नाही. तसेच ज्या जिल्ह्यांत चौरस मैलाला सातांपेक्षा कमी माणसे राहतात, अशा अतिविरळ वस्तीच्या भागांत वाहतुकीसाठी सरकारी अनुदान दिले जाते. (आपल्या राज्यात २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला ३६५ माणसे राहतात, यावरून त्या विरळपणाची कल्पना यावी.)

तिसरी वाट म्हणजे सैनिकाला लांब नेण्याऐवजी जवळच्या खाजगी डॉक्टरकडे जाऊ देणे आणि बिल खात्याने भरणे. २०१४ च्या कायद्याने त्यासाठी चाळीस मैलांची मर्यादा घातली. सुरुवातीला हे अंतर कावळा उडतो तसे सरळ रेषेत मोजत असत! मध्ये डोंगर असो, नदी असो, नकाशावर फूटपट्टी ठेवली की झाले. कोयनेच्या खोऱ्यात राहणाऱ्याला याचा अर्थ सांगायला नको. समोर दिसणारे चिपळूण कुंभार्ली घाटाची वळणे घेतल्यावर किती दूर जाते ते आपल्याला माहीत आहे. तक्रारी झाल्यावर २०१५ मध्ये रस्त्याने अंतर मोजणे सुरू झाले. पुढे २०१८ च्या कायद्यानंतर, २०१९ पासून, मैल सोडून वेळच धरण्यात आली. साध्या उपचारासाठी तीस मिनिटांपेक्षा आणि तज्ज्ञाकडे जाण्यासाठी साठ मिनिटांपेक्षा अधिक काळ मोटारीने लागत असेल, तर बाहेरचा डॉक्टर मिळू शकतो. कावळ्याच्या रेषेपासून माणसाच्या वेळेपर्यंत पोचायला पाच वर्षे लागली.

आक्षेप

या योजनेवर घेतले जाणारे दोन आक्षेप विचारात घेतले पाहिजेत. पहिला असा, की यात खोटे अर्ज होतात. अंतर फुगवून सांगितले जाते. गैरप्रकार होतात हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु भेटीची नोंद रुग्णालयात असते आणि घराचा पत्ता खात्याकडे असतो. म्हणजे पडताळणीचे साधन सरकारच्याच हाती आहे. काही लबाडांसाठी सर्वांच्या वाटेत काटे पेरणे हा उपाय नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रवासखर्च सैनिकालाच का? शेतमजूर किंवा खाणकामगारही लांबच्या दवाखान्यात जातोच. या आक्षेपाला माझ्या मते असे उत्तर आहे, की सरकारने सैनिकाशी करार केलेला असतो. त्याने आपले शरीर सरकारच्या हवाली केले, आणि ते मोडल्यास दुरुस्त करण्याचे वचन सरकारने दिले. वचनात दवाखाना आला तर दवाखान्याची वाटही आली. मात्र या उत्तराने शेतमजुराचा प्रश्न सुटत नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. सैनिकाच्या निमित्ताने समाजाला एवढे कळले, की अंतर हाही आजाराचा एक भाग आहे, तर ते ज्ञान पुढे सर्वांच्या उपयोगी पडेल.

आपल्याकडे

आपल्या देशात माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली. तिचे चारशेहून अधिक दवाखाने देशभर आहेत आणि मोठ्या उपचारांसाठी ठरावीक खाजगी रुग्णालयेही जोडलेली आहेत. आपल्या सातारा-कोल्हापूरकडील कितीतरी गावांनी पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात माणसे पाठवली; साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या तर नावातच 'मिलिटरी' आले. अमेरिकेत दिसले तेच चित्र येथेही आहे. भरती गावाची आणि दवाखाना शहराचा. पाटण तालुक्यातील एखाद्या वाडीवरून साताऱ्याला तपासणीसाठी जायचे म्हणजे पहिली एसटी पकडायची आणि दिवस घालवायचा.

येथे आपल्याकडील एका गोष्टीची नोंद घेतली पाहिजे. एसटीमध्ये ६५ वर्षांवरील नागरिकांना अर्धे तिकीट आहे, ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना प्रवास मोफत आहे, आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे. ही सवलत सैनिक म्हणून मिळत नाही, वय किंवा स्त्री म्हणून मिळते. आणि राज्याच्या हद्दीपुरतीच असते. पण तिच्यात एक मोठा गुण आहे. ती तिकीट काढतानाच मिळते. आधी खर्च, मग अर्ज, मग वजावट, असा फेरा तिच्यात नाही. जखमी सैनिकाचा मैल मोजणाऱ्या अमेरिकन पद्धतीत काटेकोरपणा आहे, तर एसटीच्या खिडकीवरच्या या पद्धतीत सोपेपणा. प्रवासखर्चाची कोणतीही योजना आखताना हे दोन्ही गुण एकत्र आणता आले पाहिजेत. दर महागाईशी जोडलेला असावा, म्हणजे तो झोपेत झिजणार नाही. आणि ज्याच्या हाती पैसा नाही त्याला तो निघण्यापूर्वी मिळावा.

आपण विद्यार्थी याबाबत कायदा करू शकत नाही. परंतु आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी किंवा शेजारी एखादे निवृत्त हवालदार, सुभेदार किंवा एखाद्या जवानाची वृद्ध पत्नी असेल. त्यांना कोणत्या सवलती लागू आहेत हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून घेणे, अर्ज भरून देणे, पावत्या नीट लावून ठेवणे, आणि गरज पडल्यास एक दिवस त्यांच्यासोबत दवाखान्यात जाणे, एवढे आपल्या हातचे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या आमच्या शिबिरांत आम्ही रस्ते दुरुस्त करतो, झाडे लावतो. त्यांच्या जोडीला गावातील माजी सैनिकांची एक यादी करून, दवाखान्याच्या त्यांच्या तारखा आणि कागदपत्रे यांकडे लक्ष देण्याचे काम एखाद्या गटाने वर्षभर चालवले, तर त्याला ना निधी लागेल ना मंडप. पुढील वर्षीच्या कार्यक्रमात त्याचा अंतर्भाव करावा, अशी आमच्या प्राध्यापकांना आणि मित्रांना विनंती आहे.